चावडी, कौल आणि सहमती : मराठी विकिपीडियातील संपादकीय मतभेदांची मीमांसा

ज्ञानकोश म्हणजे निर्विवाद माहितीचा संग्रह, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः कोशातील प्रत्येक नोंदीमागे निवड असते आणि जेथे निवड आली तेथे मतभेद आलाच. छापील कोशात हा मतभेद संपादकीय दालनातच संपतो आणि वाचकापर्यंत केवळ निर्णय पोहोचतो. विकिपीडियासारख्या सामूहिक, स्वयंसेवी कोशात मात्र मतभेद, त्यावरील चर्चा आणि निर्णय ही तिन्ही वाचकाच्या डोळ्यांसमोर राहतात. ही घटना केवळ तांत्रिक मानून चालणार नाही. मराठी समाज वाद कसा घालतो आणि तो कसा मिटवतो, या सांस्कृतिक प्रश्नाशी तिचा निकटचा संबंध आहे.

मराठी कोशपरंपरेचा विचार केल्यास तेथे मतभेदांचे निराकरण प्रामुख्याने अधिकाराने झालेले दिसते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० च्या दशकात सिद्ध केलेल्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'च्या तेवीस खंडांवर त्यांच्या समाजशास्त्रीय दृष्टीची मुद्रा स्पष्ट उमटलेली आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली आकाराला आलेल्या 'मराठी विश्वकोशा'चा पहिला खंड १९७६ मध्ये, तर विसावा खंड २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते. म्हणजे नोंदीची जबाबदारी व्यक्तीची आणि अंतिम निर्णय संपादक मंडळाचा, अशी ही रचना होय. तिचे बळ विद्वत्तेत आहे आणि मर्यादाही तेथेच आहे; कारण नोंद चुकली, तर पुढील आवृत्तीपर्यंत वाट पाहण्यावाचून वाचकाला गत्यंतर नसते.

१ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने ही रचना उलटी केली. येथे पदवी विचारली जात नाही, संदर्भ विचारला जातो. लेखाचे सत्य ठरविण्याचा अधिकार कोणाही सदस्याला नाही. विश्वसनीय साधनांत जे म्हटले आहे ते तटस्थपणे मांडणे, एवढेच त्याचे कार्य. मतभेद झाल्यास प्रत्येक लेखाला जोडलेल्या चर्चापानावर तो मांडावा, इतर सदस्यांचे मत घ्यावे आणि सहमती झाल्यावरच मजकूर बदलावा, अशी अपेक्षा असते. ती पाळली गेली नाही, म्हणजे दोघांनी एकमेकांचा मजकूर वारंवार पुसला की 'संपादनयुद्ध' सुरू होते. इंग्रजी विकिपीडियाने यावर २००४ मध्ये बंधन घातले. त्यानुसार चोवीस तासांत एकाच पानावरील बदल तीनपेक्षा अधिक वेळा उलटविणाऱ्या सदस्यास संपादनापासून रोखता येते. हा नियम कोण बरोबर हे ठरवीत नाही. तो फक्त दोघांना थांबवून बोलावयास लावतो.

मराठी विकिपीडियाने या व्यवस्थेसाठी घडविलेली परिभाषा अभ्यसनीय आहे. सामुदायिक चर्चेच्या पानाला तेथे 'चावडी' म्हणतात, प्रस्तावावरील मतनोंदणीला 'कौल' म्हणतात, तर सरावाच्या पानाला 'धूळपाटी' असे नाव आहे. धूळपाटीवर लिहिलेले पुसता येते, ही त्या नावातील सूचना मार्मिक आहे. यांपैकी चावडी आणि कौल हे शब्द केवळ सोयीचे नाहीत. ते आपल्यामागे एक संपूर्ण न्यायव्यवहार घेऊन येतात. म्हणूनच त्यांची तपासणी आवश्यक ठरते.

मराठेशाहीतील ग्रामीण न्यायव्यवहाराचे स्वरूप वि. त्र्यं. गुणे यांच्या १९५३ च्या इंग्रजी ग्रंथामुळे अभ्यासकांना परिचित आहे. वतनाचा वाद उभा राहिला की गोतसभा बसे. वादी-प्रतिवादी आरंभीच 'राजीनामा' लिहून देत. आज पदत्यागासाठी वापरला जाणारा हा शब्द तेव्हा निर्णय मान्य करण्याच्या संमतीचा वाचक होता. साक्षी-पुरावे पाहून निर्णय झाला की त्याचा 'महजर' लिहिला जाई आणि त्यावर उपस्थितांच्या सह्या अथवा निशाण्या होत. पाटलाचा नांगर, बलुतेदारांची अवजारे या चिन्हांतून कोण कोणत्या नात्याने हजर होते, हे कागदावर राही. हरलेला पक्ष 'येजितखत' लिहून देई, म्हणजे आपला दावा संपल्याची लेखी कबुली देई.

या चौकटीशी तुलना केली असता विकिपीडियाच्या व्यवस्थेतील साम्य आणि उणीव दोन्ही स्पष्ट होतात. चर्चापानावरील प्रत्येक विधानाखाली सदस्याची स्वाक्षरी आणि वेळ नोंदलेली असते. पानाच्या इतिहासात प्रत्येक बदल जपला जातो. हा आधुनिक महजरच होय. परंतु येथे आरंभीचा राजीनामा नाही आणि शेवटचे येजितखतही नाही. हरलेला सदस्य मौन धरतो, कोश सोडून जातो किंवा दुसऱ्या नावाने परत येतो. वाद निकालात निघतो, पण मिटत नाही. अर्थात गोतसभेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. चावडीवर कोणी बसावे आणि कोणी खाली उभे राहावे, हे जातीने ठरत असे, आणि स्त्रियांना तेथे निर्णयाचा आवाज जवळजवळ नव्हता. विकिपीडियाची चावडी तत्त्वतः सर्वांना खुली आहे. पण खुले दार आणि प्रत्यक्ष प्रवेश यांतील अंतर तेथेही उरतेच. ज्याच्याजवळ वेळ, यंत्र आणि लिहिण्याचा सराव आहे, त्याचाच शब्द बहुधा शेवटचा ठरतो.

'कौल' या शब्दाची गुंतागुंत याहून अधिक आहे. देवाला लावलेला कौल हा वरून मिळणारा निर्णय असतो. राज्यकर्त्याने रयतेस दिलेला कौल हे अभयवचन असते, तर आजच्या वृत्तपत्रांतील 'मतदारांचा कौल' म्हणजे संख्येचा निर्णय. सामूहिक कोशाचे मूळ तत्त्व मात्र यांपैकी एकही नाही. तेथे सहमती अपेक्षित आहे आणि सहमती म्हणजे मतांची बेरीज नव्हे, तर युक्तिवादांचे वजन. कौल हा शब्द रूढ झाल्यामुळे सदस्य साहजिकच संख्येकडे वळतात. शब्दाने तत्त्वावर टाकलेली ही छाया दुर्लक्षिण्यासारखी नाही.

संख्येचा निर्णय सर्वथा त्याज्य आहे असे मात्र नाही. पोलंडमधील एका शहरास पोलिश ग्दान्स्क म्हणावे की जर्मन डान्झिग, यावरून इंग्रजी विकिपीडियात प्रदीर्घ संघर्ष झाला. अखेर २००५ मध्ये मतदानाने कालखंडानुसार वेगवेगळी नावे वापरण्याचे ठरले. वाद नावाचा होता, पण तोडगा इतिहासाने दिला. मराठी वाचकास येथे बेळगावचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटक शासनाने 'बेळगावी' हे नाव अधिकृत केले. मराठी विकिपीडिया 'बेळगाव' लिहितो, तर कन्नड विकिपीडिया कन्नड रूप वापरतो. दोन्ही समुदायांना एका चावडीवर यावेच लागत नाही. त्यामुळे येथे वाद मिटला नाही, केवळ वाटला गेला.

काही तोडगे याहून महाग पडतात. भारतविषयक लेखांच्या आरंभी कोणत्या लिपीत नाव द्यावे, हा वाद इंग्रजी विकिपीडियात इतका विकोपाला गेला, की अखेर तेथे भारतीय लिपी न वापरण्याचेच ठरले. शांतता लाभली, पण लिपी गेली. याउलट नामसाम्याचा प्रश्न पाहावा. 'वैशाली नगर' ही जयपूरमधील वसाहत आहे आणि छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यातील विधानसभा मतदारसंघही आहे. येथे निःसंदिग्धीकरणाचे एक पान दोघांनाही जागा देते. उत्तम तोडगा तोच, जो कोणाला पुसत नाही.

मराठी विकिपीडियाची खरी अडचण नियमांची नसून मनुष्यबळाची आहे. इंग्रजीत सदस्यांमधील वर्तनविषयक तंटे निवाड्यासाठी निर्वाचित लवादमंडळापुढे नेता येतात. लहान समुदायात तीच ती मोजकी माणसे लेखक, प्रचालक आणि न्यायकर्ते अशा तिन्ही भूमिकांत वावरतात. मग मजकुराविषयीचा आक्षेप व्यक्तीविषयीचा आक्षेप वाटू लागतो. तटस्थ तिसरा माणूस उपलब्ध नसणे, हे लहान भाषेच्या कोशाचे मूलभूत दुखणे आहे.

फेब्रुवारी २०२५ मधील घटनेने या प्रश्नाला गंभीर वळण दिले. छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी लेखातील मजकुरास आक्षेप घेऊन महाराष्ट्राच्या सायबर विभागाने विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठविली आणि पुढे काही संपादकांविरुद्ध गुन्हा नोंदविला. लोकभावना दुखावल्या होत्या, हे नाकारता येणार नाही. तथापि संभाजी महाराजांची प्रतिमा पूर्वी कशी बदलली, हे आठवावे. मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीने रूढ केलेले विपर्यस्त चित्र कोणत्याही बंदीने पुसले गेले नाही. ते वा. सी. बेंद्रे यांच्या अनेक दशकांच्या साधनसंशोधनाने आणि पुढे डॉ. कमल गोखले यांच्या 'शिवपुत्र संभाजी' या ग्रंथाने पालटले. बखरीला उत्तर कागदपत्रांनी दिले. चर्चापानावर जे घडावयास हवे, ते हेच. स्वयंसेवक शिक्षेच्या भीतीने लिहू लागला, तर तो चूक दुरुस्त करणार नाही, विषयच टाळील. मग सदोष लेखाच्या जागी निर्दोष लेख येणार नाही, रिकामी जागा येईल.

वृत्तसंस्था एएनआयने २०२४ मध्ये दाखल केलेल्या दाव्यातून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२५ रोजी पान काढून टाकण्याचा दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश रद्द ठरविला. मात्र न्यायालय केवळ चर्चेची जागा राखू शकते. तेथे चर्चा करण्याचे काम सदस्यांचेच राहते.

तात्पर्य, सामूहिक कोशाचे यश मतभेदांच्या अभावावर नव्हे, तर मतभेद नोंदण्याच्या रीतीवर मोजावे लागेल. केतकर-तर्कतीर्थांच्या परंपरेकडून संदर्भाची शिस्त आणि गोतसभेकडून निर्णय मान्य करण्याची पूर्वसंमती मराठी विकिपीडियाने घेतली, तर त्याच्या चावडीला अर्थ येईल. जुन्या चावडीतील उच्चनीचता आणि कौलातील संख्येचा मोह मात्र त्याला मागे ठेवावा लागेल. शब्द आपण जुने घेतले आहेत. त्यांचा व्यवहार नव्याने घडविण्याचे उत्तरदायित्व अद्याप शिल्लक आहे.