गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे तीन अभ्यास: एक चिकित्सक वाचन

प्रयोगात तुलना-गट का लागतो हे शिकवताना आपण बहुधा रोपांचे उदाहरण घेतो. एक रोप उजेडात, दुसरे अंधारात. बाकी माती, पाणी, कुंडी सारखी. अंधारातले रोप पिवळे पडले की मुद्दा विद्यार्थ्यांच्या लक्षात येतो आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो. पण रोपांच्या जागी स्त्रिया असतील आणि मोजायची गोष्ट मृत्यू असेल, तर तुलना-गटाचे काय करायचे? हा प्रश्न काल्पनिक नाही. भारतात असे तीन मोठे अभ्यास झाले आहेत. त्यांचे शोधनिबंध शिक्षकांनी आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावेत अशा योग्यतेचे आहेत. ते वाचताना काही गोष्टी पटतात, तर काही खटकतात.

पहिला अभ्यास तमिळनाडूतील डिंडिगुल जिल्ह्यातला. तो ‘लॅन्सेट’मध्ये २००७ साली प्रसिद्ध झाला. दुसरा आपल्याकडचा, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. तो बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने झाला आणि ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००९ साली आला. तिसरा मुंबईच्या झोपडपट्ट्यांतला, टाटा स्मारक रुग्णालयाचा. त्याचे निष्कर्ष २०१३ साली जाहीर झाले आणि २०१४ साली छापले गेले. तिन्हींचा विषय एकच. गर्भाशयमुखाचा कर्करोग लक्षणे दिसण्याआधी हुडकला, तर मृत्यू कमी होतात का?

या कर्करोगाचे कारण बहुतेक सर्व रुग्णांत ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एच.पी.व्ही. हे असते. ते दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूचा संसर्ग झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत सहसा दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो. मधल्या काळात पेशी बिघडलेल्या असतात, पण कर्करोगाच्या नसतात. ही दीर्घ पूर्वावस्था हेच आपल्या हाती आलेले भांडवल. तपासणीची एक पद्धत तर शाळेच्या प्रयोगशाळेतही समजावून सांगता येईल इतकी साधी आहे. गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के ॲसिटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरातले व्हिनेगर, लावायचे आणि मिनिटभर थांबून पाहायचे. बिघडलेल्या पेशींत केंद्रक मोठे आणि प्रथिने जास्त. आम्लाने ती तात्पुरती गोठतात, प्रकाश परत फेकतात आणि तो भाग पांढरा दिसतो. सूक्ष्मदर्शक नको, प्रयोगशाळा नको, अहवालाची वाट पाहणे नको. लागतात ते चांगला उजेड आणि शिकलेले डोळे. हे डोळे डिंडिगुलमध्ये परिचारिकांचे होते.

डिंडिगुलचे आकडे वर्गात फळ्यावर मांडण्याजोगे आहेत. तेथील वस्त्यांचे ११४ समूह पाडून सोडतीने निम्मे तपासणीसाठी निवडले, निम्मे तुलनेसाठी. तपासणी गटात ३० ते ५९ वयाच्या ४९,३११ स्त्रिया, तुलना-गटात ३०,९५८. तपासणी गटात २,७४,४३० स्त्री-वर्षांत या कर्करोगाने ८३ मृत्यू झाले. तुलना-गटात १,७८,७८१ स्त्री-वर्षांत ९२. विद्यार्थ्यांना भागाकार करू द्यावा. दर लाख स्त्री-वर्षांमागे सुमारे ३० आणि ५१ असे उत्तर येईल. निबंधात मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचे म्हटले आहे, आपल्या भागाकारातून ४१ टक्के निघतात. कोणीतरी चलाख विद्यार्थी हे विचारेलच. दोन गटांतील वय इत्यादी फरक लक्षात घेऊन संशोधकांनी हिशेब दुरुस्त केला आहे, आणि दुरुस्तीने त्यांचा स्वतःचा निष्कर्ष थोडा सौम्य झाला आहे. निबंधावर विश्वास बसतो तो अशा जागी.

याच निबंधातली आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. बोलावलेल्या ४९,३११ स्त्रियांपैकी ३१,३४३ स्त्रियाच तपासणीला आल्या. सुमारे १८ हजार आल्याच नाहीत. तरीही हिशेबात त्या तपासणी गटातच धरल्या आहेत. प्रथमदर्शनी हे चूक वाटते. ज्यांची तपासणी झालीच नाही त्यांचे मृत्यू तपासणीच्या खात्यावर कशाला? पण त्यांना वगळले तर सोडतीचा अर्थच संपतो. तपासणीला येणारी स्त्री आणि न येणारी स्त्री यांच्यात फरक असतो: घरून परवानगी मिळण्याचा, दिवसाची मजुरी बुडवता येण्याचा, लाजेचा, भीतीचा. संशोधकांनी न आलेल्या स्त्रियाही मोजल्या, म्हणून ३५ टक्के हा आकडा खऱ्या जिल्ह्याचा आहे.

उस्मानाबादचा निष्कर्ष मात्र निराळा आला. तेथे १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट होते. एका गटाची विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्याची पेशींची म्हणजे पॅप तपासणी, तिसऱ्याची व्हिनेगरची, आणि चौथा तुलनेचा. विषाणू-तपासणी गटात ३४ मृत्यू, तुलना-गटात ६४. तपासणी एकदाच करूनही मृत्यू जवळपास निम्मे झाले. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल एवढी घट दिसली नाही. वर्तमानपत्री वाचक यावरून ‘व्हिनेगर निरुपयोगी’ असे म्हणून मोकळा होईल. ते बरोबर नाही. ‘घट सिद्ध झाली नाही’ आणि ‘घट नाही हे सिद्ध झाले’ या दोन विधानांत अंतर आहे, आणि विज्ञानाच्या शिक्षकाने ते पुन्हा पुन्हा दाखवायला हवे. मुंबईत दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या; मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, पण कर्करोग होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. म्हणजे मुंबईत फायदा झाला तो मुख्यतः कर्करोग लवकर सापडल्याचा. डिंडिगुलमध्ये कर्करोग होण्याचे प्रमाणही एक चतुर्थांशाने घटले होते. व्हिनेगर तेच, पण त्याने साधलेले काम वेगवेगळे.

आता तुलना-गट. तिन्ही अभ्यास मिळून अशा १,३८,६२४ स्त्रिया होत्या. त्यांतील ९२, ६४ आणि ९८, एकूण २५४ स्त्रिया या कर्करोगाने दगावल्या. अमेरिकेतील डॉ. एरिक सुबा यांनी २०१४ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये यावर कठोर टीका केली. पॅप तपासणीचा उपयोग अनेक देशांत दिसून आलेला असताना तपासणीविना गट ठेवलाच कसा, हा त्यांचा प्रश्न. संशोधकांची बाजू अशी की, देशात तेव्हा नेहमीची पद्धत हीच होती. कोणाचीच तपासणी होत नव्हती. आणि गावपातळीवर काय चालेल हे तुलनेशिवाय कळणार नव्हते. या दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. उस्मानाबादमध्ये पॅप तपासणीचाही परिणाम सिद्ध झाला नाही, ही गोष्ट तुलना-गट नसता तर कळलीच नसती.

पण पहिले म्हणणे मला पटत नाही. ‘नेहमीची सेवा’ या शब्दांत सेवा नावाची काही वस्तू असल्याचा भास आहे. वस्तुतः ती शून्य होती, तर शून्यच लिहावे. मुंबईच्या अभ्यासात स्त्रियांना संमतीआधी दिलेली माहिती अपुरी होती, असा निष्कर्ष अमेरिकेच्या मानवी संशोधनविषयक कार्यालयानेच काढला. शिवाय डिंडिगुलचा निष्कर्ष २००७ साली छापून आला होता आणि मुंबईचा २०१३ साली जाहीर झाला. या मधल्या सहा वर्षांत तुलना-गटातील स्त्रियांना काय सांगायला हवे होते, हा प्रश्न विचारावाच लागतो.

माझा याहून मोठा आक्षेप परिचारिकेविषयी आहे. डिंडिगुलमध्ये तिने केवळ पाहण्याचे काम केले नाही. संशयित भाग भिंगाच्या उपकरणातून तपासणे, तुकडा काढून घेणे, आणि जेथे योग्य तेथे त्याच भेटीत क्रायोथेरपी करणे, म्हणजे बिघडलेला भाग अतिथंड टोकाने गोठवून मारणे, हे सारे परिचारिकांनी केले. डॉक्टरांशिवाय हे होऊ शकते, हाच खरे तर या अभ्यासाचा सर्वांत क्रांतिकारक निष्कर्ष. पण निबंधांत परिचारिका येते ती उपकरणासारखी: तिचे प्रशिक्षण आणि तिने किती जणींना ‘पांढरे’ ठरवले. तिने रुग्णाशी काय बोलायचे, आडोसा कसा करायचा, घाबरलेल्या बाईचे स्नायू सैल होईपर्यंत कसे थांबायचे, याला तक्त्यात रकाना नाही.

रकाना नसल्याचा परिणाम आकड्यांत उमटतो. डिंडिगुलमध्ये १,८७४ स्त्रियांत पूर्वावस्था आढळली. त्यांपैकी ७२ टक्के स्त्रियांवर उपचार झाले. राहिलेल्या पाचशेहून अधिक जणी निदानापर्यंत पोहोचल्या आणि उपचाराविना राहिल्या. क्रायोथेरपीनंतर साधारण महिनाभर पाण्यासारखा स्राव जातो आणि तेवढे दिवस शरीरसंबंध टाळावा लागतो. हे घरी कसे सांगायचे, हा त्या बाईपुढचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर देणारी एकमेव व्यक्ती म्हणजे गावातली नर्सबाई. ती नवऱ्याशी बोलली का, पुन्हा घरी गेली का, हे मोजले असते तर उस्मानाबाद आणि डिंडिगुल यांच्या निष्कर्षांतील फरकावरही कदाचित थोडा प्रकाश पडला असता. संशोधनाच्या व्यवसायात असलेल्या आम्हा लोकांना बाटलीतले मोजणे सोपे जाते, एवढेच खरे.

सरकारने २०१६ साली कार्यपद्धती आखली: ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हिनेगर-तपासणी, तीही परिचारिका आणि ए.एन.एम. यांच्याकडूनच. कागदावर हे बरोबर आहे. परंतु २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या केवळ १.९ टक्के स्त्रियांनी अशी तपासणी कधी तरी झाल्याचे सांगितले. जागतिक अंदाजानुसार २०२२ साली भारतात या कर्करोगाने सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्या. लस आली आहे, पुण्यातही तयार होते, पण ती नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना सर्वाधिक उपयोगी. आज चाळिशीत असलेल्या त्यांच्या आयांना तपासणीच हवी. लसीकरण, बाळंतपणे आणि नोंदवह्या सांभाळणाऱ्या ए.एन.एम.च्या दिवसात त्यासाठी किती मिनिटे काढायची, आणि पूर्वावस्था सापडलेल्या बाईच्या घरी तिने दुसऱ्यांदा केव्हा जायचे, हे तिन्ही निबंधांत शोधून पाहावे.