‘हलके काम’ : आजारी हंगामी सेवकाच्या अर्जाची भाषा

अर्ज हा मराठीतील एक जुना, परंतु समीक्षेने उपेक्षिलेला लेखनप्रकार आहे. कोणास कोणता मायना लिहावा याचे शिक्षण देणारी मेस्तके मराठी परंपरेत पूर्वापार होती. पेशवेकालीन दप्तरांत ‘विज्ञापना ऐसीजे’ अशी सुरुवात असलेली पत्रे विपुल आहेत. इंग्रजी अमदानीत या परंपरेवर कचेरीच्या पत्रव्यवहाराचा साचा बसला, आणि ‘आपला आज्ञाधारक’, ‘आपला विश्वासू’ असे समारोप रूढ झाले. आज शाळकरी मुलालाही अर्जाचा नमुना पाठ असतो. तथापि हा नमुना सर्वच प्रसंगी उपयोगी पडतो काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ज्या प्रसंगी तो सर्वांत अपुरा पडतो, तो आजारी हंगामी सेवकाचा आहे.

या सेवकाचे मागणे साधे असते. त्याला काम सोडावयाचे नसते आणि रजाही नको असते. रजेच्या दिवसांचा मोबदला बहुधा मिळतच नाही. त्याला एवढेच सांगावयाचे असते की, अमुक काम सध्या शरीराला झेपत नाही, तमुक झेपते. तेवढी अदलाबदल करून द्यावी. मराठी अर्जाच्या नमुन्यात रजेच्या अर्जाला जागा आहे, राजीनाम्याला आहे, बदलीच्या विनंतीलाही आहे. या चौथ्या मागण्याला मात्र स्थिर नाव नाही.

या ठिकाणी शब्दांचा इतिहास पाहणे उद्‌बोधक ठरेल. ‘अर्ज’, ‘रजा’, ‘बदली’, ‘हंगामी’ हे चारही शब्द फारसी-अरबी परंपरेतून आले. ‘रजा’ याचा मूळ अर्थ संमती. मराठीत त्याला सुट्टीचा अर्थ आला, आणि ‘रजा देणे’ म्हणजे कामावरून निरोप देणे हाही अर्थ जुन्या भाषेत आढळतो. म्हणजे ज्या शब्दाने आजारी माणूस विसावा मागतो, त्याच शब्दात त्याच्या गच्छंतीची छाया आहे. ‘बदली’ हा शब्द मुंबईच्या कापडगिरण्यांत गैरहजर कामगाराच्या जागी रोज नव्याने उभे राहणाऱ्या माणसाला लावला गेला. बदली कामगाराने स्वतःच आजारी पडून बदल मागणे ही त्या व्यवस्थेत जवळजवळ व्याघातात्मक गोष्ट होती. ‘हंगामी’ शब्दात तर काळाची मर्यादा उघडच आहे. हंगाम सरला की सेवक सरला. त्याच्या प्रकृतीचा विचार करण्यास शब्दातच अवकाश नाही.

प्रचलित भाषेत या मागण्याला सर्वांत जवळचा शब्द ‘हलके काम’ हा होय. परंतु ‘हलके’ म्हणजे वजनाने कमी, तसेच प्रतिष्ठेनेही कमी. हलके काम मागणारा सेवक नकळत आपली पायरी खाली उतरवितो, आणि देणाऱ्यालाही आपण उपकार करीत आहोत असे वाटते. ‘सवलत’ हा शब्द याहून सभ्य. पण सवलत म्हणजे नियमातून दिलेली सूट, तो हक्क नव्हे. ‘समायोजन’ हा शब्द अर्थाने योग्य ठरला असता. मात्र अतिरिक्त शिक्षकांना दुसऱ्या शाळेत सामावून घेण्यासाठी प्रशासनाने तो इतका वापरला आहे की, ‘माझ्या कामाचे समायोजन व्हावे’ असे लिहिणाऱ्यास दुसऱ्या गावी पाठविले जाण्याचा संभव आहे. शब्द उपलब्ध आहेत, पण प्रत्येकाची जागा आधीच अडलेली आहे.

याहून गंभीर दोष वाक्यरचनेचा आहे. नमुन्यातील वाक्य असे असते : ‘प्रकृतिअस्वास्थ्यामुळे मी काम करण्यास असमर्थ आहे.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि व्यवहारदृष्ट्या घातक आहे. ‘असमर्थ’ हे विशेषण अंशाचा निर्देश करीत नाही. ते संपूर्ण माणसाला लागू होते. ज्याची नेमणूक ठराविक मुदतीची आहे, त्याने असे वाक्य स्वहस्ते लिहून देणे म्हणजे पुढील आदेश न काढण्यास लेखी कारण पुरविणे होय.

वास्तविक मराठीजवळ या प्रसंगासाठी नेमके साधन आहे. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) विवेचिलेले शक्य क्रियापद ते हेच. ‘मी चढत नाही’ यात इच्छेचा नकार असू शकतो. ‘मला चढता येत नाही’ यात कौशल्याचा अभाव सूचित होतो. ‘मला चढवत नाही’ यात मात्र इच्छा आणि कौशल्य दोन्ही शाबूत असून केवळ शरीर साथ देत नाही, एवढेच सांगितले जाते. देशावरील बोलींत हेच ‘चढवंना’, ‘उभं राहवंना’ अशा रूपांनी बोलले जाते. आळस आणि आजार यांतील जो भेद वरिष्ठाला पटवून द्यावयाचा असतो, तो या एका क्रियारूपाने होतो. परंतु हे रूप बोलीचे व घरगुती मानले गेल्यामुळे अर्जातून हद्दपार आहे. शिवाय त्याचा होकारार्थी उपयोग विरळ. म्हणून जे झेपते ते ‘बसून नोंदी करता येतील’ अशा दुसऱ्या रचनेने सांगावे लागते. आदर्श अर्जाची ही दोन अंगे आहेत : काय करवत नाही आणि काय करता येईल. प्रचलित नमुन्यात दुसऱ्या अंगाचा मागमूस नाही.

वेल्हे तालुक्याचे उदाहरण घेतल्यास ही चर्चा केवळ शाब्दिक नाही हे ध्यानात येईल. तोरणा आणि राजगड यांच्या कुशीतील हा प्रदेश डोंगराळ, अतिवृष्टीचा आणि विखुरलेल्या वाड्यावस्त्यांचा; त्याच्या राजगड या नामांतरास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली आशा कार्यकर्ती किंवा १९७५ पासून चालत आलेल्या बालविकास योजनेतील अंगणवाडी मदतनीस यांचे काम अशा मुलखात मुख्यतः पायांनी करावयाचे असते. गुडघा निकामी झालेल्या किंवा क्षयातून उठणाऱ्या कार्यकर्तीस घाटवाट चढवत नाही. नोंदवही मात्र उत्तम भरता येते. पण तिने अर्ज कोणास लिहावा? तिला ‘स्वयंसेविका’ म्हटले जाते, आणि मिळते ते ‘वेतन’ नसून ‘मानधन’ किंवा ‘मोबदला’. अंगणवाडी कर्मचारी नागरी पदावर नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले; २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना उपदानाचा कायदा लागू केला. जिथे ‘सेवक’ हा शब्दच वादग्रस्त, तिथे ‘प्रति’ या शब्दापुढील ओळ रिकामी राहते.

भाषेचा एवढा काथ्याकूट करण्याऐवजी कायदा सुधारावा, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. परंतु कायदाही भाषेवरच उभा आहे. १९६१ च्या प्रसूतिलाभ अधिनियमाने गर्भवतीस प्रसूतीपूर्वीच्या ठराविक काळात कष्टाचे किंवा दीर्घकाळ उभे राहण्याचे काम देण्यास मनाई केली, ती ‘तिने विनंती केल्यास’ या अटीवर. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील स्त्रियांनाही त्या अधिनियमाचा लाभ दिला, आणि ही तरतूद पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली. म्हणजे येथे विनंती ही याचना नाही. ती उच्चारताच मालकावर बंधन येते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमानेही शासकीय आस्थापनांवर वाजवी फेरबदल करून देण्याची जबाबदारी टाकली. मात्र दिव्यांगत्वाच्या व्याख्येत न बसणारा, काही महिन्यांत बरा होणारा आजारी माणूस तिच्या बाहेर राहतो. जिथे बंधन आहे तिथेही मराठी अर्ज ‘सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा’ असे लिहून हक्काचे रूपांतर कृपेत करतो. वाचणाऱ्या लेखनिकाने त्याला कृपाप्रार्थना समजून बाजूस ठेवले, तर दोष एकट्या लेखनिकाचा नाही.

राज्याभिषेकानंतर सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशापासून १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या कोशांपर्यंत मराठीत राज्यकारभारासाठी शब्द घडविण्याची परंपरा आहे. तिचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु या परंपरेचा भर मुख्यत्वे पदे, खाती आणि आदेश यांच्या नावांवर राहिला. आदेश देणाऱ्याची भाषा समृद्ध झाली, मागणाऱ्याची भाषा मेस्तकाच्या चाकोरीत राहिली. ती चाकोरी मोडण्यास नव्या संस्कृत शब्दाची गरज नाही. ‘मला डोंगरातील वाड्यांवर चालवत नाही; केंद्रात बसून नोंदी व औषधवाटप करता येईल; तीन महिन्यांकरिता कामात असा फेरबदल करून मिळावा’ हे वाक्य शुद्ध आहे, नेमके आहे, आणि त्यात लाचारी नाही. अर्जाच्या नमुन्यांत त्याला स्थान देणे हे अभ्यासमंडळांना आजही शक्य आहे.