ताटातले पाखरू

सडक अर्जुनीच्या शिवारात धान निसवून लोंब्या भरू लागल्या की बांध्यांवर सुगरणींचे आणि मुनियांचे थवे उतरतात. शहरवासी रसिकास ते दृश्य रमणीय वाटते. धानकऱ्यास ती आपल्या श्रमांवर पडलेली धाड वाटते. आपल्याच दाण्यावर पोसलेले पाखरू फाशात धरून भाजून खावे, हा त्याच्या लेखी क्रौर्याचा नव्हे, हिशेबाचा प्रश्न आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा शिकारीस बंदी केली, हे उचितच झाले. परंतु कायद्याने दिलेला निकाल वाङ्मयानेही न तपासता स्वीकारावा काय?

आमच्या पक्षिवाङ्मयाच्या वाचनात खोप्याचे कौतुक फार आणि ताटाचा उल्लेख विरळा. बहिणाबाई चौधरी स्वतः शेतकरी. तरी त्यांच्या कवितेतील सुगरण आम्ही दिवाणखान्यात आणून बसविली आणि तिच्या पाठीमागचे शेत विसरलो. याच मुलुखातील नवेगावबांध येथे वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे मोठे श्रेय असे की, त्यांनी रानातल्या माणसांकडून पाखरांची नावे मराठीत आणली. मात्र ज्याने पोटासाठी पाखराचा माग काढला, त्यालाच त्याचे नाव आणि त्याची सवय नेमकी ठाऊक असते, हे आम्ही वाचक सोयीस्करपणे विसरतो. नावे हवीत, हंडी मात्र नको!

या संदर्भात सलीम अली यांचे १९८५ साली प्रसिद्ध झालेले ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे आत्मचरित्र आम्हांस फार मोलाचे वाटते. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेला हा मुलगा छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारी, आणि त्या खाण्यासाठीच मारी. एके दिवशी गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी हाती आली. हिचे मांस खाण्यास निषिद्ध तर नाही ना, या शंकेने तो मामांकडे गेला, आणि मामांनी त्याला १९०८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे धाडले. एका थोर पक्षिशास्त्रज्ञाचा आरंभ असा ताटापासून झाला. लेखकाने हे झाकले नाही, आणि पश्चात्तापाचे प्रदर्शनही मांडले नाही. ग्रंथाची खरी शोभा येथेच आहे.

पुढे याच निरीक्षकाने किहीम येथे सुगरणींचा अभ्यास करून आमच्या भाविक समजुतीस धक्का दिला : खोपा विणतो तो नर, मादी पाहून पसंत करते. शिवाय दाणे टिपणारे हे पाखरू पिलांना किडेही भरविते. चीनमध्ये १९५८ पासून चिमण्यांचा संहार आरंभिला गेला. किडींचा उपद्रव वाढला, तेव्हा १९६० मध्ये चिमणीचे नाव शत्रूंच्या यादीतून काढावे लागले. म्हणजे धानकऱ्याचा हिशेब खोटा नव्हे, अपुरा आहे. पण रसिकाचे कौतुकही तितकेच अपुरे. रविवारी कोंबडी खाऊन पाखरू भाजणाऱ्यास निर्दय म्हणणे, ही दया नव्हे. दुरून मिळालेली सवलत होय.

बांधीवर उभे राहून, दाणा आणि पाखरू या दोहोंचे देणे मान्य करणारा ग्रंथ मराठीत यावा, अशी आमची अपेक्षा आहे. तो धानाच्या मुलुखातूनच यावा, हे अधिक शोभेल.