निखारे पडेपर्यंत

ट्रॉयच्या वेढ्यात सेनापती अगामेम्नॉनशी बिनसल्यापासून अकिलीस आपल्या तळावर रुसून बसलाय. त्याची समजूत काढायला ओडिसियस, एजॅक्स आणि म्हातारा फिनिक्स येतात, ते अगामेम्नॉनकडे जेवूनच. होमरच्या ‘इलियड’चा हा नववा सर्ग. अकिलीस हातातल्या लायरसकट उठतो, त्यांना बसवून घेतो आणि पॅट्रोक्लसला सांगतो: मोठं भांडं काढ, वाइन जरा कडक कर. ‘आत्ताच जेवून आलोय’ असं एकही पाहुणा म्हणत नाही. यजमानानं चूल पेटवल्यावर हे म्हणू नये, एवढी समज तेव्हाही होती.

उन्हाळ्यातली एखादी संध्याकाळ मित्रांच्या मागल्या अंगणात ग्रिलभोवती घालवलेल्यानं पुढच्या ओळी सावकाश वाचाव्यात. आगीच्या उजेडात मोठा ओंडका येतो. त्यावर मेंढीची पाठ, बोकडाची पाठ आणि चरबीनं भरलेला डुकराचा कणा. अकिलीसचा साथी ऑटोमेडॉन मांस धरतो, अकिलीस स्वतः तुकडे करून सळयांत ओवतो, पॅट्रोक्लस जाळ करतो. जाळ भडकलेला असताना कोणी काही भाजत नाही. ज्वाळा बसतात, निखारे पसरले जातात, मग सळया वर चढतात आणि मीठ भुरभुरलं जातं.

ज्वाळा बसल्याची ती नोंद मला फार आवडते. कवीला आग कळत होती. ज्वाळेवर मांस बाहेरून करपतं, आत कच्चं राहतं आणि वर काजळी धरते. निखाऱ्याची धग शांत आणि एकसारखी. अमेरिकेत मेअखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत घरोघरच्या अंगणांत जे बार्बेक्यू चालतात, त्यांनाही ही पायरी चुकलेली नाही. 1952 साली शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफननं पाण्यावरच्या बोयांसाठी घडवला जाणारा धातूचा गोल घेतला, खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्याला मूठ, आणि झाकणाचं ग्रिल तयार झालं. वारा, पाऊस आणि भडका आटोक्यात आला. कोळशावर राखेचा करडा थर चढेपर्यंतची पंधरा-वीस मिनिटं मात्र त्या झाकणालाही वाचवता आली नाहीत. गॅसच्या ग्रिलनं ती वाचवली, आणि माझ्या मते निम्मी गंमत तिथेच घालवली.

कारण खरी मैफल त्या पंधरा-वीस मिनिटांत जमते. कुणी कांदा चिरतं, कुणी विनाकारण चिमटा वाजवत फिरतं, आणि ज्याला घरी चहाही टाकता येत नाही तो कोळसा कसा रचावा यावर बोलतो. स्वयंपाकघरात यजमान पाहुण्यांपासून तुटतो. इथे भाजणारा आणि खाणारा एकाच धुरात डोळे चोळत उभे. न्यू जर्सीतलं मराठी घर असेल तर कडेला कणसं आणि भरताचं वांगंही येतं, आणि शाकाहारी जाळीवर चुकून सॉसेज ठेवणाऱ्याची शोभा होते.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये सॉक्रेटिस म्हणतो की होमर आपल्या वीरांना समुद्रकाठीसुद्धा मासे देत नाही, उकडलेलं मांसही नाही, फक्त भाजलेलं, म्हणजे सैनिकाला भांडी वाहायला नकोत. चटण्या-मसाल्यांचे चोचलेही नाहीत, याचं त्याला कौतुक. बार्बेक्यू सॉसच्या बाटल्यांची रांग पाहून त्यानं नाक मुरडलं असतं, आणि मी बाटली त्याच्यापासून लांब ठेवली असती.

पण नवव्या सर्गातल्या या प्रसंगातली मैत्री सॉक्रेटिसनं पाहिलीच नाही. अकिलीसनं सांगितलं होतं ते वाइनचं. मांसाचं सगळं न सांगता होतं. एकाचा हात थांबतो तिथे दुसऱ्याचा पुढे येतो, आणि भाजून होईपर्यंत कुणाच्या तोंडी एक वाक्य नाही. पॅट्रोक्लस तर अकराव्या सर्गापर्यंत बोलतच नाही. तो अकिलीसचा कोण, हे आपल्याला त्यानं केलेल्या जाळावरून आणि सुरेख टोपल्यांतून वाढलेल्या पावावरून कळतं. पाव त्यानं वाढायचा, मांस अकिलीसनं. जेवणानंतर बोलणी होतात आणि फिसकटतात. मटण चांगलं झालं म्हणून भांडण मिटतंच असं नाही.

चोविसाव्या सर्गात अकिलीसकडे पुन्हा पाहुण्यासाठी मांस भाजलं जातं. आता पॅट्रोक्लस मेलाय, त्याला मारणारा हेक्टरही मेलाय आणि समोर हेक्टरचा बाप प्रायम बसलाय. वाढण्याच्या ओळी जवळपास जशाच्या तशा येतात, फक्त पाव आता ऑटोमेडॉन वाढतो. मुलगा गेल्यापासून उपाशी असलेला प्रायम पोटभर जेवतो आणि मग अकिलीसकडेच झोपायला जागा मागतो.