आंद्रेइया आणि पौरुष

प्लेटोच्या ‘लाखेस’ संवादांतील ‘आंद्रेइया’ शब्दास ‘पौरुष’ हा प्रतिशब्द योजणें आम्हांस संमत नाहीं. त्याचें मूळ पुरुषवाचक ‘आनेर’, तो आपल्या ‘नृ’चा सगोत्र, येवढ्यानेंच मोह पडतो. पण लाखेस सेनापति रांग न सोडणाऱ्यास मर्द ठरवितो, आणि ख्रि. पू. ४२४ मध्यें डेलिअमहून माघार घेतांना सॉक्रेटीसनें दाखविलेलें धैर्य त्यानेंच वाखाणलेलें असतें! सॉक्रेटीस तर आजार व दारिद्र्य सोसणाराही त्यांत आणतो. या गुणाच्या उलट भ्याडपणा. आपल्या पौरुषाच्या उलट महाभारतांत दैव उभें आहे. म्हणून तेथें त्याचा अर्थ उद्योग. (‘वीर’चा सगोत्र लॅटिन ‘विर’, त्याचें ‘विर्तुस’ पराक्रमापासून सद्गुणापर्यंत गेलें, तें निराळेंच.) ‘शौर्य’ रणांगणापुरतें, ‘धैर्य’ रुग्णशय्येवरही लागतें. भाषांतरकारांनीं तोच शब्द योजावा.