नवे कवियाल : कोलकात्याच्या स्वतंत्र गीताचा एक विचार

मराठी वाचकाचा बंगालशी असलेला परिचय प्रायः छापील आहे. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले. रवींद्रनाथ अनेकांनी आणले. विभूतिभूषणांची १९२९ सालची 'पथेर पांचाली' सत्यजित राय यांच्या १९५५ सालच्या चित्रपटामुळे आपल्या घरचीच झाली. हा परिचय मोलाचा आहे. पण त्यामुळे बंगाली भाषा आपल्याला डोळ्यांनी कळते, कानांनी कळत नाही. आज कोलकात्यातला विशीतला तरुण आपली भाषा कोणत्या लयीत बोलतो, तिच्यावर कोठे आघात देतो, रागावला म्हणजे कोणते शब्द वापरतो, हे जाणून घेण्यास आपल्यापाशी साधन नाही असे नाही. गेल्या दहाएक वर्षांत त्या शहरात बंगाली हिप-हॉप उभे राहिले आहे आणि ते ऐकावयास कोणासही मज्जाव नाही. तरीही आपली समीक्षा त्याविषयी मौन धरून आहे. हे मौन अज्ञानाचे असते तर क्षम्य ठरले असते. परंतु 'हे वाङ्मय नव्हे' असा एक निर्णय त्यामागे आहे आणि तो ऐकण्यापूर्वीच दिलेला आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू त्या निर्णयाचा फेरविचार करण्याचा आहे. तो सरसकट उलटविण्याचा मात्र नाही.

प्रथम 'स्वतंत्र' या शब्दाचा अर्थ पाहू. गायकाने चित्रपटासाठी न गाता, मोठ्या कंपनीच्या आश्रयाशिवाय, स्वतःच्या शब्दांत व स्वतःच्या खर्चाने गीत प्रसिद्ध करणे, असा त्याचा आजचा व्यवहारातील अर्थ आहे. चित्रपटाबाहेरचे गीत ही कोलकात्याला नवी गोष्ट नव्हे. भारतीय ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायाचा आरंभच या शहरात झाला. १९०२ च्या नोव्हेंबरात गौहर जान यांचा आवाज येथे मुद्रित झाला. १९०८ साली सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना निघाला. पुढे दमदम हे नाव आणि ग्रामोफोन यांची जोडच जमली. दरवर्षी दुर्गापूजेच्या सुमारास नव्या गाण्यांच्या तबकड्या निघत. त्यांस 'पूजेची गाणी' म्हणत. त्यांबरोबर 'शारद अर्घ्य' नावाची पुस्तिका येई आणि तीत गाण्यांचे शब्द छापलेले असत. आपल्याकडे दिवाळी अंकांची वाट पाहिली जाई तशीच तेथे या गाण्यांची पाहिली जाई. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, त्या श्रोत्याला नवा कलावंत शोधावा लागत नसे. शोधाचे काम ऋतू करीत असे, कंपनी करीत असे, पुस्तिका करीत असे. ती व्यवस्था आता उरली नाही. नवे गीत आता कोणत्याही रात्री प्रसिद्ध होते आणि त्याच रात्री शेकडो गीतांखाली गाडलेही जाते.

मात्र जुन्या व्यवस्थेची फार आठवण काढण्याचेही कारण नाही. कारण तिचे कान सर्वत्र पोचत नव्हते. दोन उदाहरणे पुरेशी आहेत. सत्तरीच्या दशकाच्या मध्यास गौतम चट्टोपाध्याय व त्यांचे सहकारी यांनी 'मोहिनेर घोडागुलि' हा गायकवृंद उभा केला. नाव जीवनानंद दासांच्या कवितेतून घेतलेले. वाद्ये गिटार, ड्रम यांसारखी. चालींत बाउलगीतांचा अंश. आणि विषय बेचैन झालेले महानगर. १९७७ ते १९७९ या काळात त्यांच्या तीन तबकड्या निघाल्या आणि फारशी दखल न घेतली जाता विस्मरणात गेल्या. १९९५ च्या पुस्तकमेळ्यात 'आबार बछर कुडि परे' हा संग्रह निघाला, तेव्हा कोठे एका नव्या पिढीला त्यांचे महत्त्व उमगले. मधल्या काळात, १९९२ साली, सुमन चट्टोपाध्याय यांच्या 'तोमाके चाइ' या संग्रहाने बंगाली श्रोत्याचा कान बदलला होता, हेही त्याचे एक कारण. गौतमबाबू १९९९ साली वारले; आपल्या गीताचा उत्तरकाळ त्यांच्या वाट्यास थोडाच आला.

दुसरे उदाहरण रूपा बिश्वास यांचे. या बंगाली गायिकेने कॅनडातील कॅलगरी येथे सरोदवादक आशीष खाँ यांच्या साहाय्याने 'डिस्को जॅझ' ही तबकडी मुद्रित केली. १९८२ साली ती निघाली. दोन बाजूंवर मिळून गाणी अवघी ४. ती खपली नाही, आणि बाईंच्या घरातही तिचा विषय मागे पडला. पुढे कोणीतरी तिच्यातले 'आज शनिबार' हे गाणे आंतरजालावर ठेवले, यंत्राने ते जगभरच्या श्रोत्यांपुढे सरकविले, लाखो लोकांनी ऐकले, आणि २०१९ साली शिकागोच्या 'न्यूमेरो ग्रुप' या संस्थेने तबकडीची रीतसर पुनरावृत्ती काढली. सदतीस वर्षांनंतर एका गायिकेला स्वतःच्या श्रोत्यांचा पत्ता लागला.

ही हकीकत सुखान्त म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. समीक्षकाला मात्र तीत आपल्या वर्गावरील एक आरोप ऐकू यावयास हवा. ज्या शहरात गाण्याचे शब्द पुस्तिकेत छापून घरोघर वाचले जात, त्या शहरात या तबकडीबद्दल कोणी जपून ठेवावे असे काही लिहून ठेवले नाही. जे समीक्षेने करावयाचे ते यंत्राने केले. आणि यंत्राने तरी काय केले? श्रोता गाणे मध्येच सोडून गेला की शेवटपर्यंत थांबला, एवढेच त्याला कळते. तो का थांबला हे कळत नाही. 'आज शनिबार' या गाण्यात सरोदाची मींड डिस्कोच्या ठोक्यावरून घसरत जाते आणि ठोका मात्र अढळ राहतो, बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवादलय, विरोधलय व समतोललय असा जो विवेक केला, त्यातील विरोधलयीचे हे साधे पण खरे उदाहरण आहे. आवाजात बळजोरी नाही. शब्द मात्र बेताचे आहेत. शनिवारच्या मोकळ्या आनंदापलीकडे ते जात नाहीत. हे दोन्ही सांगणे म्हणजे परीक्षण. उपेक्षा झाली म्हणून कृती थोर ठरत नाही, आणि सापडली म्हणूनही ठरत नाही. पुनःशोधाच्या उत्साहात हे भान सुटते.

शोध घेणाऱ्या समीक्षकाचा आदर्श शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कलकत्त्यात कवियालांचे सामने रंगत. दोन पक्ष समोरासमोर उभे राहत, एकाने पद्यात प्रश्न टाकावा, दुसऱ्याने तेथल्या तेथे उत्तर रचावे. भोला मयरा हा मिठाईवाला आणि अँटनी फिरंगी हा पोर्तुगीज वंशाचा कवी, ही त्यांतील गाजलेली नावे. ईश्वरचंद्र गुप्त यांनी १८५४ च्या सुमारास या कवियालांची चरित्रे व पदे खटपट करून गोळा केली आणि आपल्या 'संवाद प्रभाकर' पत्रात छापली. आपल्याकडे ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह केला, त्याच जातीचे हे काम. त्याविना त्या गीतांचा मोठा भाग हवेत विरला असता.

पण याच परंपरेत प्रतिपक्षही आहे, आणि तो सामान्य नाही. रवींद्रनाथांनी 'कविसंगीत' या निबंधात कवियालांच्या गीतांविषयी मोठी शंका घेतली आहे. राजसभेचा रसिक गेला, नव्या शहरातला नवा जमाव आला; त्याला क्षणाची करमणूक हवी होती आणि ती त्याला मिळाली, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. हा आक्षेप आजच्या हिप-हॉपला शब्दशः लागू पडण्यासारखा आहे. ज्याला नव्या गीताची बाजू घ्यावयाची आहे त्याने रवींद्रनाथांना उत्तर देणे आवश्यक आहे. 'काळ बदलला' हे ते उत्तर नव्हे.

उत्तर भाषेत शोधावे लागेल. हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात कूल हर्क याने वाजविलेल्या तबकड्यांपाशी धरला जातो. सोल व फंक या कृष्णवर्णीयांच्या संगीतातील तालाचा एक तुकडा पुनःपुन्हा फिरवावयाचा आणि त्यावर बोलावयाचे, हे त्याचे मूळ रूप. चार ठोक्यांच्या या चौकटीत प्रत्येक भाषेला आपले छंद तपासून पाहावे लागतात. बंगालीपाशी त्यासाठी एक तयार साधन होते. तिच्या तीन मुख्य छंदांपैकी दलवृत्त हा लोकगीतांचा व बालगीतांचा छंद. त्यातील पर्व साधारणतः ४ दलांचे, म्हणजे अक्षरावयवांचे, असते. पर्वाच्या आरंभी आघात पडतो. आणि अवयव व्यंजनान्त असो वा स्वरान्त, त्याचे मोल एकच. रवींद्रनाथांनी स्वतः 'क्षणिका' या १९०० सालच्या संग्रहात या छंदाला प्रतिष्ठा दिली. माधव जूलियनांनी 'छंदोरचने'त वर्णिलेली आपली अष्टमात्रक पद्मावर्तनी रचना लघु-गुरूंच्या मापाने चालते. तीत परका शब्द बसविताना मात्रांची ओढाताण होते. दलवृत्तात ती होत नाही. व्यंजनान्त अवयवांनी भरलेले इंग्रजी शब्द बंगाली बोलण्यात जसे येतात तसेच ते पर्वातही येतात व अडखळत नाहीत. त्यामुळे कोलकात्याच्या मध्यमवर्गाची मिश्र बोली या गीतात प्रथमच आपल्या नैसर्गिक वेगाने ऐकू येते. शिष्ट काव्याने ही बोली दाराबाहेर ठेवली होती.

सिझी या नावाने गाणाऱ्या कोलकात्याच्या तरुणाचे 'मिडल क्लास पाँचाली' हे गीत या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. पाँचाली म्हणजे देवतेची कथा सांगणारे पद्य. लक्ष्मीची पाँचाली बंगाली गृहिणी गुरुवारी वाचते. तिच्यापुढे 'मिडल क्लास' हे इंग्रजी विशेषण ठेवताच देवतेच्या जागी घरातली ओढाताण येते आणि वाचनाचा संथ सूर जाऊन बोलण्याचा वेग येतो. येथे रवींद्रनाथांच्या आक्षेपाला एक उत्तर मिळते : जमावाची करमणूक करणारे गीत जमावाला त्याचेच घर दाखवू लागले, म्हणजे ते केवळ क्षणाचे राहत नाही.

ईपीआर अय्यर यांचे उदाहरण निराळे आहे. आडनाव तमिळ, वाढ कोलकात्याची, गीतभाषा इंग्रजी, हिंदी व बंगाली. २०१९ साली दूरचित्रवाणीवरील एका स्पर्धेने त्यांना देशभर नेले. २०२१ साली त्यांनी शेतकऱ्यांच्या दुःखावरील आपल्या गीताला 'एकला चलो रे' हे रवींद्रनाथांच्या १९०५ सालच्या गीताचे नाव दिले. नावाची ही निवड धाडसाची आहे, पण मला ती पूर्ण पटत नाही. रवींद्रनाथांचा पथिक कोणी साद देत नाही म्हणून एकटा निघतो. शेतकऱ्यांचे आंदोलन तर हजारोंच्या एकत्र येण्याने उभे राहिले होते. या विरोधाचे अर्थात रूपांतर व्हावयास हवे होते. माझ्या मते तो शीर्षकापाशीच थांबतो. नामवंताचे नाव उसने घेतले म्हणजे त्याच्याशी संवाद झाला असे होत नाही.

या गीतप्रकाराचा एक सर्वसाधारण दोषही सांगितला पाहिजे. कवियालाचा प्रतिपक्षी समोर उभा असे. त्याची टर उडविली तर पुढच्या क्षणी आपली उडण्याचे भय होते. आजचे बरेचसे आत्मप्रौढीचे गीत अनुपस्थित शत्रूला उद्देशून असते. उत्तर देणारा कोणी नाही, म्हणून बढाई सैल पडते; आणि ती सैल पडली की उच्चारही अमेरिकन वळणावर जातो. ज्या कडव्यात गायक खऱ्या माणसाशी बोलतो, मग तो बाप असो, घरमालक असो वा सत्ता असो, तेथे उच्चार आपोआप घरचा होतो. नव्या कलावंताची पारख करताना प्रस्तुत लेखकास ही कसोटी सर्वांत विश्वसनीय वाटली आहे.

ती आपल्या अंगणातही लावून पाहावी. मुंबईच्या 'स्वदेसी' या वृंदाने प्रकाश भोईर यांच्यासह २०१९ साली 'वारली रिव्होल्ट' हे गीत केले, तेव्हा आरेच्या जंगलाचा प्रश्न समोर होता, प्रतिपक्षी ठाऊक होता, आणि म्हणूनच शब्द नेमके पडले. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर 'हंड्रेड आरबीएच' या नावाने गातो, तेव्हा पुस्तकी मराठीने दूर ठेवलेली वऱ्हाडी बोली ताठ मानेने उभी राहते. यांस 'आधुनिक शाहीर' म्हणून मोकळे होण्याची सोय आहे. पण ती पदवी देऊन आपण त्यांचे शब्द ऐकण्याचे टाळतो. अमर शेखांशी तुलना करावयाची तर ती ओळीओळीने करावी लागेल, आणि तीत हे तरुण काही ठिकाणी उणे पडतील हेही मान्य करावे लागेल.

मग समीक्षकाने करावयाचे काय? पहिली गोष्ट, एकेक गाणे सुटे न ऐकता कलावंताचा संपूर्ण संग्रह क्रमाने ऐकावा. यंत्र सुटे गाणे देते, कलावंत क्रम देतो. दुसरी, शब्द उतरवून घ्यावेत. आज 'शारद अर्घ्य' नाही. वेगाने उच्चारलेले बंगाली शब्द परभाषिकाला सोडाच, बंगाल्यालाही एका ऐकण्यात सापडत नाहीत. तिसरी, कोणी गौरव करण्यापूर्वी मत द्यावे आणि ते चुकण्याची तयारी ठेवावी. ईश्वर गुप्तांनी गोळा केलेल्या पदांपैकी कितीतरी आज कोणी वाचत नाही. ती गोळा झाली होती म्हणून रवींद्रनाथांना त्यांच्याविषयी प्रतिकूल लिहिता आले. रूपा बिश्वासांच्या तबकडीला १९८२ साली अनुकूल वा प्रतिकूल चार ओळी मिळाल्या असत्या, तर शिकागोची वाट पाहावी लागली नसती. कोलकात्याच्या एखाद्या खोलीत आज रात्री जो संग्रह मुद्रित होत असेल, त्याला निदान तेवढ्या चार ओळी त्याच्या गायकाच्या तारुण्यातच मिळाव्यात.