'टेनेसी वॉल्ट्झ' : गीत, ध्वनिमुद्रण आणि अर्थांतर

प्रस्तावना :
लोकप्रिय गीताचा विचार करताना शब्द आणि चाल म्हणजेच गीत, असे गृहीत धरले जाते. ध्वनिमुद्रणाकडे केवळ प्रसाराचे साधन म्हणून पाहिले जाते. अमेरिकेतील 'टेनेसी वॉल्ट्झ' या गीताचा इतिहास हे गृहीतक तपासण्यास भाग पाडतो.

गीताची जडणघडण :
१९४६ मध्ये पी वी किंग आणि रेड स्ट्युअर्ट यांनी रेडिओवर बिल मन्रो यांचा 'केंटकी वॉल्ट्झ' ऐकला. टेनेसीवर असे गीत नाही, या विचारातून स्ट्युअर्ट यांनी आपल्या वाद्यवृंदाच्या जुन्या, निनावी चालीवर काडेपेटीच्या कागदावर शब्द रचले, असे सांगितले जाते. विशेष म्हणजे किंग मूळचे विस्कॉन्सिनचे, पोलिश वंशाचे होते. त्यांच्या वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रिका १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली.

गीताचे कथानक अल्प आहे. नृत्य चालू असताना जुन्या स्नेह्याची ओळख करून दिली जाते आणि प्रिय व्यक्ती दुरावते. ज्या वॉल्ट्झवर हे घडले, तो श्रोत्याला कधीच ऐकू येत नाही. ऐकू येते ती केवळ त्याची आठवण. तीन मात्रांचे आवर्तन जोडीच्या नृत्याचे असते. येथे मात्र ते जोडी तुटलेल्या व्यक्तीच्या वाट्याला येते. गीताचे मर्म या विसंगतीत आहे.

पॅटी पेज यांचे ध्वनिमुद्रण :
१९५० मध्ये मर्क्युरी कंपनीने पॅटी पेज यांच्या आवाजातील हे गीत नाताळच्या एका गीताच्या दुसऱ्या बाजूला दिले. त्याच वर्षाअखेरीस ते 'बिलबोर्ड'च्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. ग्रामीण गीत शहरी बाजारासाठी गुळगुळीत केले, हा या ध्वनिमुद्रणावरील आक्षेप अंशतः खरा आहे. परंतु तो अपुरा ठरतो. पेज यांनी स्वतःच्याच आवाजावर पुन्हा स्वतःचा आवाज मुद्रित केला. हे तंत्र त्यांनी आधी 'कन्फेस' या गीतातही वापरले होते. तेथे ते सोयीचे वाटते, येथे ते अर्थपूर्ण होते. जोडीदार गमावलेल्या स्त्रीला साथ मिळते ती स्वतःच्याच आवाजाची. स्ट्युअर्ट यांच्या गायनात हकिकत सांगितली जाते. पेज यांच्या गायनात एकाकीपण ऐकू येते. हा अर्थ शब्दांत नाही, चालीतही नाही. तो ध्वनिमुद्रणाने निर्माण केला आहे.

पुढील अवतार :
१९५२ मध्ये किशोरवयीन एरी चिएमी यांनी जपानी आणि इंग्रजी शब्दांच्या मिश्रणात हे गीत गाऊन जपानमध्ये लोकप्रिय केले. १९६४ मध्ये सॅम कुक यांनी ऱ्हिदम अँड ब्लूजच्या जोशपूर्ण शैलीत ते गायले. तेथे मूळची हळुवार गिरकी उरत नाही आणि दुःखाची जागा उत्साह घेतो. शब्दांची कथा जवळपास तीच राहते; तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

निष्कर्ष :
१९६५ मध्ये टेनेसीने या गीताला राज्यगीताचा दर्जा दिला. वस्तुतः त्यात भूमीचे गुणगान नाही. आहे ती एका वैयक्तिक वियोगाची आठवण. राज्याने स्वीकारलेले गीत कागदावरच्या शब्दांपेक्षा लोकांच्या कानांत रुजलेल्या ध्वनीतून घडले होते. म्हणूनच अशा गीतांच्या समीक्षेत ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र संहितेचे स्थान देणे आवश्यक ठरते.